अर्ली डिसिजनवर सही करावी का? तुमच्या घरी काय ठरलं?

माझी लेक यंदा बारावीत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिला कॉर्नेलचं इंजिनिअरिंग मनापासून हवंय. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ली डिसिजन भरायचा की नाही, यावर रोज रात्री जेवताना बोलणं होतं आणि ताटं उचलली तरी संपत नाही. हा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो. प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. मूल, पालक आणि शाळेचा काउन्सेलर, तिघांच्या सह्या लागतात. डिसेंबरच्या मध्याला निकाल. एमआयटी, पर्ड्यू, जॉर्जिया टेक यांच्या अर्ली ॲक्शनला, म्हणजे तसाच लवकर भरायच्या अर्जाला, असं बंधन नाही. जे यातून गेलेत त्यांनी सविस्तर लिहा. मिळालं की नाही यापेक्षा ठरवलं कसं, ते मला हवंय.

आणखी एक आई, एडिसन

आम्ही नाही भरला. मुलाला कार्नेगी मेलन हवं होतं, खोलीच्या दाराला त्यांचा त्रिकोणी झेंडासुद्धा लावला होता. ऑगस्टमध्ये एका रविवारी टॅक्सचे कागद घेऊन आम्ही तिघं कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर, म्हणजे आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते दाखवणाऱ्या पानावर, बसलो. जो आकडा आला तो पाहून हे उठून चहा टाकायला गेले. धाकटी दोनच वर्षांनी मागे आहे आणि ५२९ खात्यातले (शिक्षणासाठीच्या बचतीचे) पैसे दोघांचे आहेत. आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही तर करारातून सुटता येतं, हे खरं. पण सुटलो तरी तोवर दुसऱ्या कुणाचं पत्र हातात नसतं, मग तुलना कशाशी करणार? त्याने रटगर्स आणि पर्ड्यूला अर्ली ॲक्शन भरलं. झेंडा त्याने स्वतःच काढला, आठवडाभर फारसा बोलला नाही. ते दिवस मला फार जड गेले. आज रटगर्सला तिसऱ्या वर्षाला आहे. पैशाचं बोलणं मुलासमोर आणि ऑगस्टमध्येच करा, एवढं मी नक्की सांगेन.

कॉर्नेलचा विद्यार्थी

मी भरला आणि मिळाला. कॉर्नेलला अर्ज थेट इंजिनिअरिंग कॉलेजसाठी करायचा असतो, त्यामुळे इंजिनिअरिंगच का, याचं उत्तर पक्कं लागतं. मी अकरावीत असताना कॉर्नेल बघायला इथाकाला गेलो होतो. प्रोजेक्ट टीमची मुलं रेसिंग कारच्या सांगाड्याखाली आडवी होऊन काम करत होती. एकीने काही न विचारता माझ्या हातात टॉर्च दिला आणि 'इथे धर' म्हणाली. वीस मिनिटं धरला. सही करायच्या आधी आईने एकच विचारलं, "उद्या एमआयटीने बोलावलं असतं असं वाटून हळहळशील का?" मी दोन दिवस घेतले आणि नाही म्हणालो. लेकीला हे विचारून पाहा, काकू.

एच-४ व्हिसावर असलेलं कुटुंब, डॅलस

व्हिसावर असाल तर आधी हे बघा. मूल पहिलीपासून इथे शिकलेलं असलं तरी फाफ्सातून, म्हणजे आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जातून, सरकारी मदत मिळत नाही, आणि बरीच खाजगी कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. त्यातल्या अनेक ठिकाणी मदत मागितली की निवडीच्या वेळीच ते विचारात घेतात. एमआयटीसारखी तसं न करणारी मोजकीच. आम्हाला शाळेतून सांगितलं गेलं की सगळ्यांना नियम सारखेच. ते चूक निघालं. प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

एक बाबा, कॅलिफोर्निया

आमचा पेच जरा वेगळा होता. मुलाने एमआयटीला अर्ली ॲक्शन भरलं आणि डिसेंबरमध्ये डिफर झाला, म्हणजे नकार नाही, होकारही नाही. अंतिम उत्तर मार्चच्या मध्याला. हार्वी मडची अर्ली डिसिजनची दुसरी फेरी जानेवारीत होती आणि निकाल फेब्रुवारीत. तिथे सही करून प्रवेश मिळाला तर एमआयटीचं उत्तर न ऐकताच अर्ज मागे घ्यायचा! ख्रिसमसच्या सुट्टीत तो आणि मी रोज संध्याकाळी चालायला जायचो, पहिले चार दिवस हा विषय कुणीच काढला नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, मडला गेलो होतो तेव्हा मला परत यावंसं वाटत नव्हतं." जेमतेम नऊशे मुलांचं कॉलेज आहे ते. सही केली, मिळालं. एमआयटीचा अर्ज त्याने त्याच रात्री मागे घेतला. मार्चमध्ये मित्रांचे निकाल लागले त्या दिवशी तो गप्प होता, हे लपवत नाही. आणखी एक. नोव्हेंबरनंतर बाकीचे निबंध बाजूला पडले होते आणि डिफर झाल्यावर दहा दिवसांत सात लिहावे लागले. तसं करू नका.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅल्क्युलेटर आज भरला, आकडा जड आहे पण झेपेल. एमआयटीचा प्रश्न लेकीला विचारला. लगेच नाही म्हणेल असं वाटलं होतं. "शनिवारी सांगते," म्हणाली.