गेम 7 चं काय?
एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या 2002 च्या वेस्टर्न फायनलमध्ये (लेकर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, सात सामन्यांची सिरीज) गेम 6 ला किंग्जला रेफरींनी लुटलं, हे म्हणणं मान्य. चौथ्या क्वार्टरमध्ये एकट्या लेकर्सना 27 फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळाले, लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं तरी शिटी नाही. याचं समर्थन लेकर्सच्या कट्टर पंख्यानेही करू नये. पण म्हणून सिरीजच रेफरींनी नेली? गेम 7 सॅक्रामेंटोला होता, स्वतःच्या कोर्टवर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. तिथे किंग्जने 30 पैकी 14 फ्री थ्रो घालवले आणि तीन पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) 20 पैकी फक्त 2 टाकले! चौथा क्वार्टर संपत आलेला असताना किंग्जच्या स्टोयाकोविचला मोकळा शॉट मिळाला, तो रिंगलाही लागला नाही. सामना ओव्हरटाइममध्ये 106-112 असा गेला. फ्री थ्रोच्या रेषेवर कुठला रेफरी हात धरतो?

रेफरींना बोल लावायचाच तर गेम 4 बघा. पहिला हाफ संपताना लेकर्सच्या सॅमाकी वॉकरने लांबून मारलेला शॉट बझर वाजल्यावर हातातून सुटला होता, तरी धरला गेला. किंग्जचा सामना गेला एका पॉइंटने (हो, लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीचा शेवटच्या क्षणाचा तोच गाजलेला शॉट). पुढच्याच सीझनपासून एनबीएने अशा शॉट्ससाठी रिप्ले आणला.