कोल्ट्रेनची टेप बाहेर काढली त्यात चुकलं काय?

सूरवेडा: खडूस श्रोता, कालच्या पोस्टमध्ये तुम्ही अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स' या अल्बमला 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' म्हटलंय, वाचून राहवलं नाही. ६ मार्च १९६३, न्यू जर्सीत व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, पियानोवर टायनर, बासवर गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स, त्याचे साथीदार सगळे हजर, पुढे कंपनीची मूळ टेप गेली आणि उरली ती कोल्ट्रेनने घरी नेलेली मोनो टेप, पहिली बायको नाइमाच्या घरच्यांनी जपलेली. २०१८ ला आली. यात लोणी कुणी खाल्लं?

खडूस श्रोता: कोल्ट्रेन त्यानंतर चार वर्षं होता ना? मनात असतं तर काढलीच असती. दोन तुकड्यांना नावसुद्धा नाही, ११३८३ आणि ११३८६ नुसते नंबर. 'इम्प्रेशन्स' या एकाच धुनेचे चार टेक, म्हणजे चारदा केलेलं रेकॉर्डिंग. गवयाचा रियाज खिडकीतून ऐकून विकायचा प्रकार आहे हा.

सूरवेडा: रियाज?? ११३८३ मध्ये गॅरिसन गज घेऊन बास वाजवतो ते ऐकलंत का, की न ऐकताच लिहिताय?

डोंबिवलीकरीण: नाइमाच्या घरच्यांनी जपली हे वाचून पोटात कालवलं. आमच्या बाबांनी गणपतीतल्या बैठकीची कॅसेट एका संग्राहकाला दोन दिवस ऐकायला दिली, ती आजतागायत परत नाही. हे लोक नुसते दाबून बसतात.

स्पूलवाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्याकडे जुन्या मैफलींचे तीनशे स्पूल, म्हणजे टेपची रिळं, आहेत, दर पावसाळ्यानंतर एकेकाची बुरशी पुसतो, आमच्यासारखे नसते तर अर्ध्या मैफली भंगारात गेल्या असत्या. कॉपी देत नाही कारण 'बाहेर जाऊ देऊ नका' या अटीवरच गवयांनी रेकॉर्ड करू दिलं.

डोंबिवलीकरीण: कॉपी कोण मागतंय? आमचीच कॅसेट आमच्या घरी हवी. त्यात समेला 'वाहवा' म्हणणारा आवाज बाबांचा आहे. बाबा गेले, दुसरीकडे कुठेच तो आवाज नाही.

सूरवेडा: म्हणूनच म्हणतोय, बाहेर काढा!

खडूस श्रोता: ओरडू नका, ऐकलंय मी, दोनदा. टेक निवडायला कोल्ट्रेनचा मुलगा रवी होता हे काल ध्यानात घेतलं नाही, तेवढं मागे घेतो, घरच्यांचा हक्क आहे. पण कव्हरवर 'हरवलेला अल्बम' छापणं पटत नाही आणि पटणारही नाही, कोल्ट्रेनने ते अल्बम म्हणून लावलंच नव्हतं.

स्पूलवाला: ताई, कॅसेट दिसायला कशी होती? डोंबिवलीच्या एका घरातून आलेला एक खोका अजून उघडलेला नाही.

डोंबिवलीकरीण: नव्वद मिनिटांची, निळ्या शाईत बाबांचं अक्षर, 'गणपती ८८, बाजू ब जोगकंस'. डबीचं झाकण तुटलेलं, रबर लावलेलं. आज रात्री बघाल का?