४ वॅटच्या वॉल्व्ह अॅम्पला ९६ डेसिबलचेच स्पीकर हवेत का?

आर्वीकर
माझं मत ठाम आहे: हवेतच. डेसिबलचा हा आकडा म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, १ वॅट दिल्यावर तो १ मीटरवर किती मोठ्याने वाजतो ते. माझा ईएल ८४ या वॉल्व्हचा सिंगल एंडेड (चॅनेलला एकच आउटपुट वॉल्व्ह असलेला) अॅम्प चॅनेलला जेमतेम ४ वॅट देतो. त्याला ८६ डेसिबलचे छोटे बुकशेल्फ स्पीकर लावले. आलापी ऐकताना डोळे मिटतात, पण तबला द्रुत लयीत शिरला की थाप फाटते. हिशेब पाहा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट ताकद लागते, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. म्हणजे ९६ वाला जे ४ वॅटमध्ये देतो, त्यासाठी ८६ वाल्याला ४० वॅट लागतात. आजोबांचा वॉल्व्ह रेडिओही असाच मोजक्या वॅटचा. तरी नागपूर केंद्राच्या बातम्या ओसरीतून गोठ्यापर्यंत ऐकू जायच्या, कारण त्याच्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, हलका होता. मी १२ इंची, हलक्या कोनचे फुलरेंज (सगळे स्वर एकाच पडद्यातून देणारे) स्पीकर बघतोय.

दिग्रसचा
भाऊ, नुसता आकडा पाहून घेऊ नका. जत्रेतला भोंगा बी लई सेन्सिटिव्ह असते, पन त्याच्यात डग्गा येत नाई. लहान पेटी, खोल बास अन् जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिनातल्या दोनच गोष्टी भेटतात. हॉफमनचा नियम म्हन्तात त्याले. ९६ डेसिबल अन् डग्ग्याची घुमार दोन्ही पायजे असन तं पेटी कणगीएवढी होते.

आर्वीकर
होऊ दे की. बैठकीची खोली मोठी आहे, सागाच्या फळ्याही पडून आहेत. शहरातल्या फ्लॅटची अडचण आपल्याला कशाला?

मूलचे गुरुजी
दोघेही एकाच आकड्यावर भांडताय. आधी तो आकडा कसा मोजलाय ते विचारा. बऱ्याच कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो १ वॅट होतो, ४ ओहमच्याला २ वॅट. म्हणजे ४ ओहमवाल्याचे ९३ खरे तर ९० च.

त्याहून मोठी गोष्ट इम्पीडन्सची, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाची. तो ओहममध्ये मोजतात आणि स्वरागणिक बदलतो. वर ८ ओहम लिहिलेला स्पीकर मध्येच ३ ओहमपर्यंत उतरू शकतो. तिथे बरा ट्रान्झिस्टर अॅम्प जास्त करंट देऊन निभावतो. वॉल्व्ह अॅम्पची, त्यातही फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेल्याची, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अॅम्पचा स्वतःचा विरोध, जास्त असते. त्यामुळे स्पीकरच्या ओहमचे चढउतार थेट आवाजात उतरतात, एखादा स्वर उगाच पुढे येतो, एखादा दबतो. ओहमची रेघ सपाट असलेला ९१ चा स्पीकर मी खडबडीत ९६ पेक्षा कधीही पसंत करीन. आणि आर्वीकर, तुमचे स्पीकर सध्या ८ च्या टॅपवर (अॅम्पच्या ८ ओहमच्या जोडणीवर) असतील तर आज ४ च्या टॅपवर लावून ऐका. थोडी ताकद जाईल, पण अॅम्पची स्पीकरवरची पकड सुधारेल.

दिग्रसचा
मी तं म्हन्तो अॅम्पच बदला. ४ वॅटच्या जोडीसाठी भितीतून ५०-६० वॅट खेचता, बाकी सारी उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, त्याच्यात खोलीत हे कशाले? ट्रान्झिस्टर घ्या, कोनताबी स्पीकर चालते.

आर्वीकर
उन्हाळ्यात मी पहाटेच ऐकतो. अॅम्प सोडणार नाही. त्यावर माणसाचा गळा समोर बसल्यासारखा येतो, तो मला दुसऱ्या कशावर मिळाला नाही.

गुरुजी, ४ चा टॅप लावून पाहिला. डग्गा आवरला, थाप मात्र अजून फाटते. खुर्ची ३ मीटरवरून दीड मीटरवर आणली तेव्हा आवाज कमी ठेवता आला आणि फाटणं बरंच गेलं. सध्या बैठकीत छतापर्यंत कापूस भरलाय, त्यानेही आवाज शोषला जातो. खोली रिकामी झाल्यावर पुन्हा ऐकीन.

९६ चा आग्रह कायम आहे. पण इम्पीडन्सचा आलेख हातात आल्याशिवाय आता पैसे देणार नाही.

मूलचे गुरुजी
आलेख आला की इथे टाका. ९६ चा असून रेघ सपाट निघाली, तर मी आपलं म्हणणं मागे घेतो.