अनुभव धागा: गावच्या संगीत नाटकातली फजिती

धानपट्टा
मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, तोंडावर आली म्हणून माळा झाडायला घेतला, तर बाबांची टिनाची पेटी निघाली. आत केसांचा टोप, अर्धी मिशी आणि फुटक्या काचेची आजोबांची तसबीर. एकटाच हसत बसलो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडलं. भाऊबीज झाली की मंडई आणि रात्री मंडळाचं नाटक. एरवी नवीन लिहिलेलं, रडकं. एका साली हेडमास्तर हट्टाला पेटले, देवलांचं 'संशयकल्लोळ'च करायचं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली केलं, गणपतराव बोडसांनी संशयी नवरा फाल्गुनराव गाजवला, मग आपल्याला काय झालं? अर्धी पदं कापली, तरी ऑर्गनवाल्या मामांनी पट्टी काळी पाचला लावली आणि नायक अश्विनशेठचा आवाज पहिल्याच पदात बसला.

फाल्गुनरावाची बायको कृत्तिका होते आमचे शिंपी काका. लुगडं असं चापूनचोपून नेसत की गावच्या बाया बघून शिकत. आता त्या नाटकाचा सगळा घोळ तसबिरीवर. नायिका रेवतीकडून पडते, कृत्तिकेला सापडते, ती परपुरुषाचं रूप न्याहाळते, तेवढ्यात नवरा बघतो. आणि ऐन वेळी तसबीरच गायब! बाबा प्रॉम्प्टिंगला. मी नऊ वर्षांचा. विंगेतून डोळे वटारून म्हणाले, "पळ, घरून कोन्ती बी आन." मी पडवीतली आजोबांची काढून आणली. हार काढायचा राहिला.

शिंपी काकांनी हारासकट उचलली आणि लाजत लाजत त्या देखण्या पुरुषाची तारीफ सुरू केली. समोर तणसावर बसलेली आजी ताडकन उठली. "माहा घरधनी होय तो! ठेव खाली, भवाने!"

काकांनी पदर सावरला, म्हणाले, "बाई, मले रस्त्यात सापडली."

नाटक तिथंच संपलं म्हणा. येऊ द्या तुमचेही.

वडशाची सून
शिंपी काकांना दंडवत!! पोळ्या टाकता टाकता वाचलं, एक करपली. आमच्या गडचिरोलीतल्या वडशात आता सगळ्या नाटक कंपन्याच कंपन्या, दिवाळी ते होळी रोज कुठं ना कुठं प्रयोग. मला बघायला आले तेव्हा मामाजींनी स्वयंपाकाचं नाही विचारलं. विचारलं, पोरीले जागरण जमते का?

काळीतीन
जमलं का मग

वडशाची सून
नवरा तबला वाजवते. न जमून सांगते कोणाले.

बोडीकाठ
मेकअपचं कोणी लिहिलंच नाही. झिंक ऑक्साइड आणि खोबरेल तेल. थंडीत तेल गोठून दगड. बाटली शेकोटीशी ठेवायची आणि एक पोट्टं राखण बसवायचं, ते पोट्टं म्हणजे मी. डुलकी लागली, बाटली कलंडली, भडका उडाला आणि राजाच्या धोतराचा काठ जळला. राजा तसाच गेला स्टेजवर, जळकी बाजू मागं करून. अख्खा अंक प्रेक्षकांकडे पाठ केली नाही. लोक म्हणे काय रुबाब आहे बाप्पा!

मागच्या पडद्यातली
मी पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी बाजाची पेटी होती, सगळी पदं मला पाठ. पण मुलीनं स्टेजवर जायचं म्हणजे बाबा जेवणाचं ताट सारून उठत. नायिका माझा मोठा भाऊ. प्रयोगाच्या दिवशी त्यानं मंडईत बर्फाचा गोळा खाल्ला, घसा गेला. मग आईनंच मला मागच्या पडद्याआड उभं केलं. मी गायचे, तो ओठ हलवायचा. पडद्याला एक भोक होतं, त्यातून त्याची वेणी आणि त्यापलीकडे पेट्रोमॅक्स दिसायची, बस. वन्स मोअर आला. दोनदा. पाटलांनी पाच रुपये बक्षीस लावलं, ते त्याच्या पदराला टाचलं.

बोडीकाठ
ताई, व्याजासकट वसूल करा

वडशाची सून
बाबांना कळलं होतं का हो?

मागच्या पडद्यातली
पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर भावाला म्हणाले, आज बरा गायलास. माझ्याकडे बघून पाणी मागितलं. एवढंच. परवा भावाला फोनवर आठवण दिली तर म्हणतो, काहीतरीच, मीच गायलो होतो.

काळीतीन
हे लय भारी लिहिलं तुम्ही. बाकी यंदा शंकरपट, बैलांची शर्यत, आहे का कुणाकडे? २०१४ ते २१ पट बंद होता तेव्हा आमच्या गावात नाटकाची गर्दी अर्ध्यावर आली होती, बैलं पाहायला येणारे पाहुणेच नाहीत तर रात्री मुक्कामाला कोण थांबते.

सातबारा
पट आहे. नाटकबी आहे. पाहुणे २२ आहेत आणि गाद्या ६. नाटक रात्रभर चालते ते बरं आहे.

धानपट्टा
हा हा, आमच्याकडेही तोच हिशोब असे!

काळीतीन
सातबारा भाऊ लाखोळीची डाळ आहे का नवीन? मागच्या वेळी दिली ती संपली

सातबारा
फेब्रुवारीत या. अजून शेतात हिरवी बी नाही झाली.

हौशी_खलनायक
आमच्या कुरखेड्याकडे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, त्या दिवशी आमच्या मंडळातल्या प्रत्येक विनोदी नटाला घरून फोन आला, तुमचं कधी? मी खलनायक, मला कोणी केला नाही. एकदा मी मार खाऊन पडलो आणि लाइन गेली. अंधारात गुपचूप उठून चहा प्यायला गेलो. लाइन आली तेव्हा नायक मोकळ्या जागेवर पाय ठेवून भाषण करून राह्यला.

वडशाची सून
मेली मी हसून. धानपट्टा भाऊ, आजीचं राहिलं सांगायचं. तसबीर परत लागली का पडवीत?

धानपट्टा
त्याच रात्री लावली. काच उचलाउचलीत फुटली, ती तिनं बदलू दिली नाही. शिंपी काकांकडं मात्र पुढची दोन वर्षं पोलकी शिवायला टाकली नाहीत. साकोलीला नेऊन शिवायची.

बोडीकाठ
तो टोप द्या ना भाऊ, यंदा आमच्या मंडळाला पाहिजे.

धानपट्टा
उंदरीण व्याली आहे त्यात. मिशी घेऊन जा. अर्धी आहे.