शब्दचर्चा: ‘परस्पर साहाय्य’ म्हणजे नक्की कुणाच्या परस्पर?

टिळकवाडी
युरोपातल्या फ्रेंडली सोसायट्या (कामगारांनी वर्गणी काढून चालवलेल्या मदतसंस्था) आणि त्यांच्या मागून आलेलं कल्याणकारी राज्य, या विषयावरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘म्युच्युअल एड’ला कोशात ‘परस्पर साहाय्य’ आहे. पहिलं पान घरात वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, “परस्पर? म्हणजे कुणाला न विचारता?” बरोबरच आहे तिचं. जमीन परस्पर विकली, पैसे परस्पर उचलले, लग्न परस्पर ठरवलं. बोलण्यातल्या ‘परस्पर’मध्ये कुणीतरी डावललेला असतोच. ‘परस्परांना’ म्हटलं की अर्थ ठिकाणावर येतो, पण ‘परस्पर साहाय्य संस्था’ ही पाटी मला तरी अफरातफरीची वाटायला लागली आहे.

तेव्हा विचारतो, आपल्या बेळगाव भागात यासाठी काय म्हणतात? पैरा, भिशी, फंड, सोसायटी, संघ असं सगळंच कानावर असतं. पण ते एकमेकांच्या जागी चालतात का?

रानवाट (खानापूर)
नाही चालत. पैरा वेगळा.

रोप लावणीला एका घरची माणसं पुरत नाहीत. आज आमच्या शेतात तुमच्या घरची दोन माणसं, परवा तुमच्या शेतात आमची दोन. पैसा मधे नाही. पण हिशेब पक्का असतो, लिहिलेला नसला तरी. बाईच्या दिवसाला बाईचा दिवस. बैलजोडीचा दिवस असेल तर तो माणसाच्या एका दिवसानं फिटत नाही, जास्त द्यावे लागतात. लावणीचा पैरा शक्यतो लावणीतच फेडायचा. सुगी झाल्यावर “येतो की आता” म्हटलं तर कोण ऐकून घेणार? शेजारचे कन्नड बोलणारे याला मुय्यी म्हणतात, आणि असा फेडीचा गडी म्हणजे मुय्याळू. दोन्ही भाषांत क्रियापद ‘फेडणं’चंच.

इर्जिकेत आणि यात फरक आहे. इर्जिक जेवणावर फिटते. ज्याचं काम त्यानं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर घालायचं, की झालं. पैरा जेवणानं फिटत नाही.

शहापूरकरीण
रानवाटदादा, हे शेतातलं झालं. गल्लीत पैरा कसला करणार? आमच्याकडे फंड आणि भिशी.

भिशीचं सगळ्यांना माहीत आहे: बाराजणी, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिची किंवा बोली लागेल तिची. भिशी लावतात, भिशी लागते, भिशी उचलतात, आणि चालवणारी पळाली की भिशी बुडते. आमची आई म्हणायची, “मी पहिल्याच महिन्यात भिशी उचललो.” (पुण्याच्या वाचकांसाठी: होय, ‘उचललो’च. आमच्या बायका असंच बोलतात आणि त्यात काही बिघडलेलं नाही.)

फंड म्हणजे परत फिरून न येणारा पैसा. निदान आपल्यालाच येईल असं नाही. आमच्या गल्लीत पंचांकडे दोन गोष्टी असायच्या. एक लग्नाची भांडी: पातेली, परात्या, वाढायची भांडी, सगळ्यांवर गल्लीचं नाव कोरलेलं. आणि दुसरा मयत फंड. घरटी महिन्याला थोडे पैसे. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिरडीच्या सामानापासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा खर्च त्यातून, आणि घरच्यांनी त्या वेळी खिशात हात घालायचा नाही. वही होती. ज्यांची वर्गणी थकली असेल त्यांची नावं गणपतीच्या बैठकीत वाचून दाखवत. लाज वाटावी म्हणूनच वाचत, उगाच गोड बोलायला नको.

जुनं दप्तर
ताई, तुमचा मयत फंड म्हणजे इंग्लंडातली फ्रेंडली सोसायटीच. त्यांची सुरुवातच बऱ्याच ठिकाणी अंत्यविधीच्या खर्चाच्या भीतीनं झाली. धर्मादायात पुरलं जाणं ही गरीब कामगाराला मरणापेक्षा मोठी नामुष्की वाटे. आठवड्याला काही पेन्स भरायचे. आजारी पडलात तर रोजाऐवजी ठरलेला भत्ता, मेलात तर मातीचा खर्च. बैठक बहुधा दारूच्या गुत्त्यात, कारण दुसरी जागा नसे. पैसे एका पेटीत, पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघांकडे. तिघं हजर नसतील तर पेटी उघडत नाही. ‘परस्पर’ उचलायला वावच ठेवला नव्हता! १७९३ मध्ये सरकारनं त्यांना कायद्यानं मान्यता दिली.

पुढे जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ ला आजारपणाचा विमा सक्तीचा केला, पण नवं खातं उघडून नव्हे. कामगारांच्या असल्याच पेट्या वापरल्या. वर्गणीचे दोन भाग कामगार भरे, एक भाग मालक. १८८९ ला म्हातारपणाचं वेतन आलं, तेही सत्तरी गाठली तर. ब्रिटननं १९११ च्या कायद्यात तीच वाट धरली. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, आणि कारभार सरकारनं मान्य केलेल्या सोसायट्यांकडे. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज सांगत फिरायचा, चार पेन्सांत नऊ पेन्स घ्या.

मग ब्रिटनमध्येच सामाजिक विम्यावरचा बेव्हरिजचा १९४२ चा अहवाल, आणि ५ जुलै १९४८ पासून सरकारनं स्वतः चालवलेली नवी व्यवस्था. तिच्यात सोसायट्यांना जागा उरली नाही. गंमत म्हणजे बेव्हरिज स्वतः त्यांना वगळायच्या मताचा नव्हता.

तेव्हा टिळकवाडी, तुमच्या लेखात पैरा चालायचा नाही. पैऱ्यात माणसं एकमेकांना ओळखतात, पैसा नसतो. फ्रेंडली सोसायटीत पैसा असतो, वही असते, नियम असतात. ‘फंड’ जवळचा. तळेगावचा पैसा फंड आठवा, माणशी एक पैसा गोळा करून त्यातून १९०८ ला काचेचा कारखाना उभा राहिला.

टिळकवाडी
‘फंड’ला माझी अडचण एवढीच की आमच्या ऑफिसात ‘त्याला फंड मिळाला’ म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. आणि ‘सोसायटी’ ठेवावी म्हटलं तर पुण्याचा वाचक पार्किंग आणि पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणणार. बेळगावात “सोसायटीत ठेवलेत” म्हटलं की ठेव, आणि गावाकडं “सोसायटी भरायची आहे” म्हटलं की पीककर्ज.

रानवाट (खानापूर)
गावाकडच्या पाटीवर ‘प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ’ असतं. ‘पत्तीन’ म्हणजे पतीचा, आपल्या पतपेढीतली पत. बोलताना मात्र सोसायटीच, नाहीतर पीकेपीएस.

जुनं दप्तर
या सोसायटीला आपल्याच बाजूचा मान आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०५ ला गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये शिद्दनगौडा पाटलांनी पतसंस्था काढली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. तेव्हा गदग आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यात. नमुना जर्मनीतल्या रायफायझेनचा: एका गावापुरती संस्था, आणि एकानं बुडवलं तर सगळे जबाबदार.

आणि शब्दाचा विषय आहेच तर बेळगावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. निम्म्या पाट्यांवर ‘सौहार्द’ दिसेल. कर्नाटकानं १९९७ ला सौहार्द सहकारी कायदा केला. सरकारी भांडवल नको, सरकारचा हातही कमी, असा तो प्रकार. सौहार्द म्हणजे मैत्री. ‘फ्रेंडली सोसायटी’चं इतकं नेमकं भाषांतर कुणी मुद्दाम करायला बसला असता तरी सुचलं नसतं.

निपाणीकर
मंडळी, तुम्ही अर्ध्याच विषयावर बोलताय. ‘कल्याणकारी राज्य’ या शब्दाचं काय?

आमच्याकडं ‘कल्याण’ कुणी बोलत नाही. बोललं तर टोमण्यात: “झालं कल्याण!” नाहीतर लग्नाचा हॉल, कल्याण मंटप. कागदावर मात्र भरपूर. १९७६ ला केंद्रानं बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला, बिड्यांवर उपकर बसवला, त्यातून दवाखाने, पोरांना शिष्यवृत्ती. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तंबाखूच्या वखारीत किंवा बिड्या वळत जन्म काढलेल्या बाया ‘कल्याण निधी’ म्हणताना मी ऐकलं नाही. त्या ‘बिडीचा दवाखाना’ म्हणतात.

आणि म्हातारपणाच्या, विधवांच्या पेन्शनला काय म्हणतात? पगार. “आत्तीचा पगार आला का?” संध्या सुरक्षा असो की आणखी कुठली योजना, शब्द एकच. पलीकडं कागलला निराधारचाही पगारच. गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकार घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला टाकतं ते, दोन हजार मात्र पगार नव्हेत, ते ‘पडतात’. “या महिन्याचे पडले का गं?” जे आपण कमावून ठेवलंय असं वाटतं तो पगार, आणि जे वरून येतं ते पडतं. माझा असा समज आहे, कोशवाल्यांनी तपासावा.

आता कडू बोलतो. पैरा, फंड, पंच हे सगळं ऐकायला छान आहे. पण ज्या विधवेच्या घरात कामाला दुसरं माणूस नाही, तिचा पैरा कोण धरणार? ती फेडणार कशानं? आणि गल्लीच्या फंडाच्या वहीत गल्लीच्या कडेच्या वस्तीची नावं होती का? पगाराला निदान पंचांचं तोंड बघावं लागत नाही.

शहापूरकरीण
निपाणीकरकाका, वहीत नव्हती. आणि इंग्लंडातही असंच होतं म्हणा. ज्याला दर आठवड्याला भरायला जमत नाही, ज्याचा रोजच पक्का नाही, त्याला कोण घेतं? सगळ्यात गरीब बाहेरच.

पण पगारालाही तहसीलदार ऑफिसात हेलपाटे असतातच. तिथं पंचांच्या जागी एजंट.

चंदगडहून
पलीकडून एक भर घालतो. आमच्याकडं ‘बचत गट’ म्हणतात त्याला तुमच्याकडं ‘संघ’. माझी मावसबहीण खानापूर तालुक्यात दिली आहे. फोनवर म्हणाली, “आज संघ आहे, संध्याकाळी बोलते.” मला वाटलं ही शाखेत कधीपासून जायला लागली! मग कळलं, आठवड्याचा हप्ता भरायची बैठक. तिथं ‘संघ भरणं’ म्हणजे हप्ता भरणं.

जुनं दप्तर
तो वापर कन्नडमधून आला. स्त्री शक्ती संघ, धर्मस्थळचा संघ. नाबार्डनं १९९२ ला गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग केला तेव्हा लक्ष्य पाचशे गटांचं होतं, आणि त्याआधी या कल्पनेची बरीच घडण कर्नाटकातच झाली होती. पण हप्ता वसूल करायला माणूस दारात येऊन बसतो, तेव्हा त्या संघात आणि भिशीत नात्याचा फरक पडतो. भिशीत पैसा आपला असतो. संघात बऱ्याचदा बँकेचा असतो, आणि जामीन आपण सगळ्या.

टिळकवाडी, तुमच्या लेखाला इथलं एक उदाहरण जोडा: यशस्विनी. २००३ ला सुरू झालेली आरोग्य योजना, सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या शेतकऱ्यासाठी. थोडी वर्गणी सभासदाची, भर सरकारची, आणि आत शिरायचं दार सोसायटीचं. १९११ च्या ब्रिटनची आठवण व्हावी अशी मांडणी. २०१८ ला ती बंद करून सगळ्यांसाठीच्या सरकारी योजनेत मिसळली, आणि २०२२-२३ ला पुन्हा वेगळी सुरू केली. ब्रिटनमध्ये सोसायट्या एकदा बाहेर पडल्या त्या पडल्याच. इथं परत आल्या.

टिळकवाडी
यशस्विनी घेतो. शब्दांचं असं ठरवलं: संस्थेसाठी ‘मदत फंड’, ‘फ्रेंडली सोसायटी’ पहिल्यांदा येईल तिथं तसंच, आणि पुढे फंड. तत्त्वासाठी ‘परस्पर साहाय्य’ काढून ‘एकमेकांची नड भागवणं’. ‘कल्याणकारी राज्य’ ठेवावंच लागेल, रुळलेलं आहे. निपाणीकरांचा ‘पगार’ मात्र सत्तरीच्या पेन्शनपाशी वापरणार. १९०८ च्या कायद्यानं ब्रिटनमधल्या म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळायला लागले, तिथं.

रानवाट (खानापूर)
पैरा कुठंतरी येऊ द्या की.

टिळकवाडी
प्रस्तावनेत आहे. रूपं सांगा, चुकायला नको. आणि पैरा करणाऱ्याला काय म्हणायचं?

रानवाट (खानापूर)
पुल्लिंगी. तो पैरा, ते पैरे. पैऱ्यानं, पैऱ्याला, पैऱ्यावर. करणारा पैरेकरी. पैरा ‘करतात’, ‘धरतात’, ‘फेडतात’. ‘देतात’ असं लिहू नका, आमच्याकडं पैरा कुणी देत नाही.