मदत हवी आहे: गुळाच्या दराच्या तक्त्यात एक ओळ वाढवायची आहे, तीन दिवस झाले प्रोजेक्टच चालू होईना

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एकटाच वेबसाइटची कामं करतो. २०१९ मध्ये शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांना साइट करून दिली होती. चार पानं: दर, फोटो, पत्ता, चौकशीचा फॉर्म. तक्त्यात ३० किलोचा रवा (गुळाची मोठी ढेप), १० किलो आणि ५ किलो अशा ओळी आहेत. शेठना आता १ किलोच्या बॉक्सची ओळ हवी आहे, तीही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी.

साइट करताना गिटहबवरचा एक तयार स्टार्टर किट, म्हणजे साइटचा आयता सांगाडा, घेतला होता. रिअ‍ॅक्ट, रिडक्स, वेबपॅक ४, सास, टेस्टिंग, स्टोरीबुक, सगळं जोडलेलं. दोन दिवस वाचले म्हणून खूश होतो. (स्टोरीबुक आजतागायत एकदाही उघडलेलं नाही.)

जुना लॅपटॉप गेला. नव्यावर नवीन नोड (किट चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकलं, तर आधी किटमधलं नोड-सास पायथन मागायला लागलं. ते कसंबसं बाजूला काढलं, तर बिल्ड करताना (साइटच्या अंतिम फाइल बनवताना) 'डिजिटल एन्व्हलप रुटीन्स अनसपोर्टेड'. शोधल्यावर कळलं की नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ आलं आणि वेबपॅक ४ ज्या जुन्या एमडी४ हॅशवर चालतं ते त्यात बंद आहे. एक पॅकेज वर नेलं की दुसरं रुसतं. शेवटी वैतागून पॅकेज-लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती हवी ते त्यात असतं) उडवली आणि परत इन्स्टॉल मारलं. आता तर एररसुद्धा दर वेळी वेगळी येते.

शेठना सांगायला गेलो. ते म्हणाले, "पोरा, अडत, हमाली, तोलाई सगळं आमच्या पट्टीवर लिहिलेलं असतंय. तुझी ही हमाली कुठल्या पट्टीवर हाय?" (पट्टी म्हणजे सौद्याच्या हिशोबाचा कागद.) काय बोलणार? ठरलेल्या पैशात साइट होती. किट सांभाळायचा खर्च मी त्यांना सांगितलाच नव्हता, कारण मलाच माहीत नव्हता.

शिवाय पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळावरून रेंज कमी असताना कुणी साइट उघडली, तर दर दिसायच्या आधी पांढरं पान बघत बसावं लागतं. चार आकड्यांसाठी एवढं जावास्क्रिप्ट!

प्रश्न दोन:
१. हाच किट दुरुस्त करू, की साध्या एचटीएमएलमध्ये नव्याने करू? हातात पाच दिवस आहेत.
२. गेलेल्या तीन दिवसांचं बिल लावायचं का?

प्रतिसाद १
भावा, लॉक फाइल उडवलीस ही मोठी चूक. गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात) असेलच, तिथून परत आण आणि त्यात नोड-सासची आवृत्ती बघ. ४.१२ असेल तर नोड १२ लागेल, ४.१४ असेल तर नोड १४. एनव्हीएमने (नोडची हवी ती आवृत्ती टाकायचं साधन) तेवढंच नोड टाक, नोड मॉड्यूल्स फोल्डर काढून टाक आणि 'एनपीएम सीआय' चालव, ते लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या टाकतं; 'इन्स्टॉल' नको. नोड जुनं असलं तरी ते फक्त बिल्डपुरतं तुझ्या लॅपटॉपवर राहील, सर्व्हरवर चढणार नाही.

प्रतिसाद २
पाडव्यापुरतं वरचंच कर. नंतर मात्र किट सोड. साइट क्रोममध्ये उघड, इन्स्पेक्टमधून पानाचं एचटीएमएल कॉपी कर (व्ह्यू सोर्समध्ये नुसती रिकामी डिव्ह दिसेल), बिल्डमधली सीएसएस फाइल जोड, झालं. आणि किटचं नाव मोठं असलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हा नावाजलेला किटसुद्धा नव्या अ‍ॅपसाठी वापरू नका असं फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्याच टीमने जाहीर केलं.
बिलाचं म्हणशील तर किट तू निवडलास, शेठनी नाही.

धागाकर्ता
लॉक फाइल मिळाली. नोड-सास ४.१२ निघालं, नोड १२ वर पहिल्या फटक्यात बिल्ड झाला. ओळ चढवली. शेठना पट्टी पाठवली: ओळ वाढवणे, एक तास. खाली 'हमाली, तीन दिवस' लिहून पुढे शून्य टाकलं. लगेच फोन आला, "साधी साइट करायला किती घेशील ते पण लिही, आणि पुढच्या वर्षीची हमाली पण."

हमाली किती लिहू? तुम्ही लोक वर्षाचं काय घेता?