मदत हवी आहे: निदान झाले, पण उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस कसे काढावेत?

नमस्कार. माझ्या आईला (वय 58) स्तनाचा कर्करोग असल्याचे बायोप्सीतून स्पष्ट होऊन आज 26 दिवस झाले, तरी उपचार सुरू झालेले नाहीत. काही विलंब पटण्यासारखा आहे. गाठीच्या पेशींत संप्रेरकांचे ग्राहक (ईआर, पीआर) आणि हर-टू हे प्रथिन किती आहे हे पाहणाऱ्या तपासण्यांवरून आधी शस्त्रक्रिया की आधी केमोथेरपी हे ठरवायला मदत होते, म्हणून थांबलो. हर-टूचा निकाल संदिग्ध (2+) आल्याने फिश चाचणीसाठी (यात हर-टूचे जनुक थेट तपासतात) पुन्हा थांबलो. आता आजार शरीरात इतरत्र पसरला आहे का हे पाहणाऱ्या पेट स्कॅनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी मात्र केवळ रेशनकार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असल्यामुळे अडली आहे, याचा खरोखर संताप येतो.

काही आठवड्यांनी फारसा फरक पडणार नाही, असे डॉक्टर म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. परंतु आई रोज आंघोळीनंतर गाठ चाचपते आणि “कालच्यापेक्षा मोठी लागतेय का गं?” असे विचारते, तेव्हा मला काहीच सुचत नाही.

नावातील असा फरक कोणत्या कागदपत्रांनी लवकर मिटला? बायोप्सीचे जतन केलेले नमुने (ब्लॉक आणि स्लाइड) घेऊन दुसरीकडे मत घेतल्यास इथला क्रमांक मागे जातो का? आणि या रिकाम्या दिवसांत आपण घरच्या माणसाशी नेमके काय बोलत होता? (“सकारात्मक राहा” हे सांगून झाले आहे, त्यावर ती नुसती मान हलवते.) घरगुती औषधे कृपया सुचवू नयेत.